सासूबाईंचं वेखंड

आमच्या सासूबाईंना सून एकच, पण त्यांचं लाडाचं लेकरू म्हणजे मागच्या अंगणातलं वेखंड. मिलमधून आणलेला लोखंडी ड्रम कापून मोरीशेजारी जमिनीत पुरलेला, त्यात तळ्यातली काळी माती आणि वर कायम बोटभर पाणी. वेखंडाचे पाय कोरडे पडले की संपलं, असं त्या म्हणत. उन्हाळ्यात नळाला पाणी येईना तेव्हा आम्ही पारोसे राहिलो, पण ड्रम सुकला नाही. तांदूळ धुतलेलं पाणी चालायचं, देवाच्या अंघोळीचं चालायचं, साबणाचा एक थेंब तिकडे गेला की माझा उद्धार! पिवळं पान त्या स्वतः खुडणार, गर्दी झाली की मुळ्या फोडून त्याच लावणार. मला त्या ड्रमला हात लावायची मनाई होती. स्नेहलतागंजातल्या आमच्या गल्लीत कुणाकडे पाळणा हलला की गुटीचं वेखंड आमच्याकडून जायचं. त्याचा त्यांना केवढा तोरा!

मिल बंद पडून बरेच महिने झाले होते. माझा नवरा मोहन तिथे रंगखात्यात मास्तर. गल्लीत बहुतेक सगळे मिलचेच. कुणी भाजीचा ठेला लावला, कुणी टेम्पो चालवायला घेतला. आमचे साहेब मात्र चौकात सांगून बसले होते की अहमदाबादच्या मिलचं बोलावणं येतंय. बोलावणं डोंबलाचं! मागच्या खोलीचं दार लावून आम्ही एका दुकानदाराचे दुपट्टे रंगवत होतो. मास्तर होता तो धोबीघाट करतोय, असं कुणी म्हटलं असतं तर मोहन मेलाच असता. उरलेलं रंगाचं पाणी म्हणून गल्लीतल्या नालीत सोडायची सोय नव्हती. नाली निळी वाहिली की मिलवाल्यांना लगेच कळणार. "मी पहाटे डबा सायकलवर नेतो, पुलाखाली ओततो," मोहन म्हणायचा, आणि मी खरं मानून चालले होते.

त्या संध्याकाळी बेबीचं पोट फुगलं. बेबी म्हणजे आमची तान्ही. रडून रडून लालबुंद झाली, पाय पोटाशी घेत होती. सासूबाईंनी सहाण काढली. जुनं वाळवलेलं वेखंड गल्लीने नेऊन संपवलं होतं, म्हणून नुकत्याच उपटून पत्र्यावर वाळवलेल्या मुळ्या त्यांनी घेतल्या. दाराशी रामभाऊ बसले होते. मोहनच्याच खात्यातले, त्याला हाताला धरून काम शिकवलेले. त्यांच्या नातवालाही पोटदुखी होती. सासूबाईंनी एक मुळी आधी त्यांच्या हातात ठेवली आणि मग आपली सहाणेवर धरली.

सहाणेवर माझं दूध, त्यात मुळीचे दोन वेढे. वेखंड उगाळलं की दूध जरा पिवळट दिसतं. माझ्या डोळ्यांसमोर त्या दुधात निळसर रेघ उतरली.

सासूबाईंना मोतीबिंदू. त्यांना काय दिसणार? मी मोहनकडे बघितलं. तो पाळण्याची दोरी धरून उभा होता आणि सहाणेकडे बघत होता. चेहरा चुन्यासारखा पांढरा. त्याच क्षणी मला सगळं कळलं. पूल नाही, सायकल नाही. हा मेला रोज अंधारात रंगाचं पाणी ड्रमात ओतत होता!

सासूबाईंनी बोट दुधात बुडवलं आणि बेबीच्या तोंडाशी नेलं.

"झुरळ!" मी ओरडले आणि सहाण उचलून मोरीत उपडी केली. त्यांचं बोटही पदराने पुसून काढलं.

"अगं, वेड लागलंय का तुला, मंजिरी?"

"दुधात पडलं होतं, आई."

रामभाऊ हसत उठले. "चलो, मी निघतो. सून वाट बघत असेल." मुळी त्यांनी शर्टाच्या खिशात टाकली.

मी मोहनकडे डोळे वटारले. बोल ना! तो पाळण्याची दोरी ओढत राहिला.

"रामभाऊ, ती मुळी राहू द्या," मी म्हणाले. "कच्ची आहे अजून. दुसरीकडून आणवून देते."

झालं! सासूबाई फणा काढून उठल्या. "कच्ची? माझं वेखंड कच्चं? रामभाऊ, तुमचा मुलगा याच वेखंडावर वाढला की नाही? जा तुम्ही, लवकर उगाळून द्या पोराला."

"बिलकुल, आक्का," म्हणत रामभाऊ पायऱ्या उतरले.

मी बेबीच्या बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावत होते. रामभाऊंचं घर गल्लीच्या टोकाला. सहाण तयारच असेल. आपली पोर वाचवली, आणि दुसऱ्याच्या पोरासाठी मी खोटं शोधत बसले होते! नवऱ्याची इज्जत म्हणे. आग लागो त्या इज्जतीला.

"अहो," मी म्हणाले, "तुम्ही जाताय की मी जाऊन सांगू?"

मोहन अनवाणी पळाला. बेबीला खांद्यावर टाकून मी मागे धावले. लोक ओट्यावर हवा खात बसले होते, आणि त्या सगळ्यांसमोर हा ओरडत सुटला, "रामभाऊ, मत देना! देऊ नका!"

रामभाऊंच्या सुनेने मुळी सहाणेवर टेकवली होती. मोहनने ती हिसकावली आणि दारातच मटकन बसला.

"त्यात रंग आहे. माझा रंग. मी घरात दुपट्टे रंगवतो, भिया. पाणी त्या ड्रमात ओततो. अहमदाबाद-बिहमदाबाद काही नाही."

रामभाऊंनी त्याच्या कानाखाली अशी वाजवली की बेबीसुद्धा रडायची थांबली.

"माझ्या नातवाला काही झालं असतं तर?"

सासूबाई भिंतीला धरत येऊन पोचल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. तशाच वळल्या. घरी जाऊन त्यांनी वेखंड उपटून ड्रम रिकामा केला, हे मला नंतर दिसलं. माझ्याशी त्या कितीतरी दिवस बोलल्या नाहीत. मुलाशी बोलल्या!

रामभाऊ मात्र तिथेच उभे होते. मला वाटलं, अजून एक वाजवतात. लोक उठून आत जायला लागले तसे ते मोहनशेजारी पायरीवर बसले. घसा खाकरला.

"त्या दुपट्ट्यांना," ते अगदी हळू म्हणाले, "अजून एक माणूस लागेल का रे?"

मोहनला रडू आवरेना. शेवटी मीच म्हणाले, "लागेल. सकाळी या."