एका नावासाठी सगळी गावं

मित्रांनो, केळी संघाच्या फाटकाशेजारी गोदाम आहे. तिथे रिकाम्या क्रेटांमागे धूळ खात पडलेली काळी पेटी म्हणजे मी, संघाचा जुना सर्व्हर. नोंदी सांभाळायच्या आणि मागितल्या की काढून द्यायच्या, हे माझं काम.

सुरुवातीला माझ्याकडे फक्त बुऱ्हाणपूरचे शेतकरी होते. खिडकीवरची कमल नाव टाकायची, मी नोंद द्यायचो, गेटपास निघायचा आणि ट्रक सुटायचा. पुढे चांदनी आणि आसपासच्या गावांचे संघ आमच्यात जोडले गेले, तेव्हापासून मला धाप लागू लागली.

अध्यक्ष प्रभाकरशेठ यांना पडद्यावर सगळे सभासद दिसलेले आवडत. म्हणून एक नाव हवं असलं तरी प्रोग्रॅम सगळ्या गावांच्या साऱ्या जुन्या नोंदी मागवायचा आणि मग त्यातून ते एक शोधायचा. माझी मेमरी वाढवली, डिस्क बदलली. थोडे दिवस बरं वाटायचं, इतकंच.

एका मे महिन्यात चांदनीच्या सोजरबाईंचा ट्रक फाटकात अडकला. मऊ माल व्यापारी परत करणार होता.

“कमल, माय, अजून किती? घड नरम पडू ऱ्हायले.”

“मावशी, मशीन नुसतं फिरतंय.”

“आत साऱ्या गावांची पंगत बसवली का?”

प्रोग्रॅम सांभाळायला नुकतीच आलेली सिंधीपुऱ्याची उषा शेठना म्हणाली, “हवं तेवढंच विचारलं तर हाच सर्व्हर पुरेल. दोन दिवस द्या, प्रोग्रॅम बदलते.”

“चालता प्रोग्रॅम बिघडवू नको, बेटा. हा बुढा झालाय. चौपट ताकदीचा मागवतो, टेन्शन खतम.”

सोजरबाईंचा अर्धा माल परत आला. माझ्या जागी नवा आला. त्याला हार घातला, नारळ फोडला. मला इथे आणून ठेवलं.

पुढच्या उन्हाळ्यात गावं आणखी वाढली आणि नवाही धापा टाकू लागला. सोजरबाईंचा ट्रक पुन्हा फाटकात उभा राहिला. या वेळी त्या खिडकीशी गेल्याच नाहीत. ड्रायव्हरला म्हणाल्या, “वळव गाडी. रावेरच्या बाजारात नेऊ.”

त्यांच्यामागे आणखी गाड्या वळल्या, तेव्हा शेठनी उषाला दोन दिवस दिले. आता गेटपास लगेच निघतो. नव्या सर्व्हरला दिवसभर फारसं काम नसतं. एवढं काम मीही केलं असतं.

मित्रांनो, आम्ही थकलो की आम्हाला जरूर बदला. पण त्याआधी आमच्याकडून काय काय उचलून घेता, ते एकदा बघा. सोजरबाईंची नोंद अजून संघात आहे. गेटपाससाठी ती कोणी मागत नाही.