कुताह्याची बॅग

अमेरिकेत, पार्सिपनीतल्या त्या घरात परवाच्या प्रवासाच्या बॅगांचं वजन चाललं होतं. निमिष एकेक बॅग छातीशी कवटाळून बाथरूमच्या काट्यावर उभा राही आणि हिमानी वाकून आकडा वाची. तीन बॅगा चॉकलेटं, व्हिटॅमिनच्या बाटल्या आणि नातलगांच्या फर्माइशींनी ठासून भरलेल्या. चौथीत फक्त जुने टॉवेल, वाटेत घ्यायची नक्षीची ताटं गुंडाळायला.

मुंबईला जाताना वाटेत इस्तंबूलला उतरायचं, तिथून बसने कुताह्या. शेकडो वर्षं चिनी मातीवर निळी नक्षी काढणारं गाव. दोन वर्षांची रुही दुपारी झोपली की हिमानी फरशीच्या तुकड्यांवर तीच नक्षी गिरवायची, आणि रेघ थरथरायची. शेवटी तिने तिथल्या एका कारागीर बाईंना लिहिलं. उत्तर आलं, या, लेकीलाही आणा, शेजारी बसवून शिकवते. तीन दिवस.

"एक सांगायचं राहिलं," निमिष काट्यावरूनच म्हणाला. "अस्मिताचं केळवण आईने सोळाला ठेवलंय. मी हो म्हटलं."

अस्मिता त्याची चुलत बहीण, तिच्याच लग्नाला निघाले होते. सोळा म्हणजे कुताह्यातला मधला दिवस.

"मला न विचारता?"

"घरचंच आहे यार! हॉटेल कॅन्सल कर. ताटं काय, ऑनलाइन मिळतात."

"रेघ मिळते का ऑनलाइन?"

तेवढ्यात सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. "हिमानी, पोरीला घेऊन परमुलखात कशाला गं? केळवणाला मोठी सूनच नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

एरवी हिमानी 'बरं आई' म्हणून मोकळी झाली असती. 'ब'साठी ओठ मिटलेही होते.

"म्हणू देत, आई. सांगा, सून नक्षी शिकायला गेलीय. लग्नाला चार दिवस आधी पोचते, पडेल ते काम करते. केळवणाला मात्र नाही."

पलीकडून "कर बाई तुझ्या मनासारखं," आणि कट.

"आता मी काय करू?" निमिष.

"हो तू म्हटलंस, तू जा. तुझं तिकीट बदल. माझं नाही बदलणार."

तो काट्यावरून उतरला. मग चौथ्या बॅगेकडे बघत म्हणाला, "निदान दोन चॉकलेटचे डबे तरी..."

"एकही नाही."

रुही केव्हाच त्या बॅगेत जाऊन बसली होती, टॉवेल डोक्यावर घेऊन. "माइन!" ती ओरडली.

"हो गं माझी बाय, आपलीच," म्हणत हिमानीने लेकीसकट बॅग उचलली आणि काट्यावर चढली.

"वाच आकडा," ती निमिषला म्हणाली.