परीक्षकांचे हात

थोरलीला दुसऱ्या गावातल्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि घरात मोटारसायकलवरून राजकारण सुरू झालं. तिला गाडी सोबत न्यायची होती. बाबांचा जीव गाडीत अडकलेला, पण तसं तोंडाने म्हणवेना. म्हणून त्यांनी अट घातली.

"मागचं चाक स्वतः उतरव, साफ कर, परत बसव. मग मी मागे बसून बघणार. गाडी नीट चालली तर किल्ली तुझी."

"आणि नाही चालली तर?"

"तर बसने जा. बसला काय झालंय?"

बाबा स्वतः बसचे ड्रायव्हर होते, त्यामुळे बसला काय झालंय हे थोरलीने सांगितलं नाही.

रविवारी सकाळी दारापुढच्या फरशीवर गाडी मधल्या स्टँडवर चढली. थोरलीने जुनी चादर अंथरली, एक्सलचा, म्हणजे चाकाच्या आसाचा, नट सोडला आणि एक्सल बाहेर ओढायला लागली. तो ढिम्म. तिने रबरी हातोडा घेतला.

"हळू," बाबा खिडकीतून म्हणाले.

तिने आणखी एक ठोका दिला.

"अगं, हळू म्हटलं ना."

"हातोडा ती मारतेय आणि दम तुम्हाला लागतोय," आई शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली. गल्लीतले निम्मे कपडे आईच शिवायची. मशीनची सगळी दुरुस्तीही तीच करायची.

चाक निघालं. थोरलीने ब्रेकमधली काळी भुकटी ओल्या फडक्याने टिपली, बेअरिंग बोटाने फिरवून पाहिलं, एक्सलला ग्रीस लावलं. एक्सलवरच्या छोट्या नळ्या, म्हणजे बुशी, तिने ज्या बाजूच्या त्याच बाजूला मांडून ठेवल्या होत्या, त्यामुळे घोळ झाला नाही. चाक परत बसवताना मात्र माणसाला तिसरा हात असायला हवा होता असं तिला वाटलं. तो नसल्यामुळे तिने गुडघा वापरला.

राहिला चेनचा ताण. चाक मागेपुढे सरकवायला दोन्ही बाजूंना एकेक छोटा नट असतो आणि त्याच्या शेजारी खुणा कोरलेल्या असतात. दोन्हीकडे एक्सल सारख्याच खुणेवर हवा, नाहीतर चाक तिरकं बसतं. थोरलीने खुणा काटेकोर जुळवल्या. एक्सल मात्र पक्का आवळला नाही, कारण ताण आधी बाबांना दाखवायचा होता. मग ती हात धुवायला गेली. ग्रीस काही सहजासहजी पिच्छा सोडत नाही.

ती परत आली तेव्हा बाबा पायरीवर बसून आभाळाकडे बघत होते. आई उगाचच दोरीवरच्या सुकलेल्या कपड्यांना चिमटे लावत होती.

बाबांनी चेन दाबून पाहिली. "ताण ठीक आहे."

थोरलीने एक्सल आवळला, ब्रेक तपासला, बाबांना मागे बसवलं आणि गाडी काढली.

गाडी निघाली खरी, पण खेकड्यासारखी. तोंड रस्त्याकडे आणि ओढा गटाराकडे. कोपऱ्यावरूनच थोरली परत फिरली.

"नापास," बाबा उतरत म्हणाले. आवाजात दुःख आणायचं त्यांना काही जमलं नाही.

थोरलीचा चेहरा पडला. तरी ती खाली बसली आणि खुणा पाहिल्या. डावीकडे एक्सल चांगलाच मागे गेला होता आणि उजवीकडे पुढे.

"मी सारखं ठेवलं होतं," ती सावकाश म्हणाली. "इथे कोण आलं होतं?"

बाबांनी आईकडे पाहिलं, आईने कपड्यांच्या दोरीकडे.

"चेन लोंबत होती," बाबा शेवटी म्हणाले. "तू नापास व्हायला नको म्हणून डावा नट जरासा आवळला."

"लोंबत कुठे होती?" आई म्हणाली. "मी चाक फिरवून पाहिलं तर ताठ लागली. मशीनचा पट्टा असा ताणला तर मशीन जड होतं. म्हणून मी उजवा नट सोडला आणि टायरला मागून एक थाप दिली."

"उजवाच का?"

"उजव्या बाजूला उभी होते म्हणून."

थोरलीने डोक्याला हात लावला. जुनी चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. एका जागी ढिली लागते, चाक जरा फिरवलं की ताठ. दोघंही खरंच बोलत होती. दोघांनी मिळून ताण होता तिथेच ठेवला होता आणि चाकाचं तोंड फिरवलं होतं. आपणही आवळताना खुणा पुन्हा पाहिल्या नाहीत, हे तिने मनातल्या मनात स्वतःला सुनावलं.

"दोघांनी पायरीवर बसायचं," ती म्हणाली. "हात मांडीवर."

दोघं बसली. थोरलीने एक्सल सैल केला, खुणा जुळवल्या, आवळला, पुन्हा पाहिल्या. बाबा एकदा उठू लागले, पण आईने सदरा धरला.

या खेपेला गाडी सुतासारखी सरळ गेली. बाजाराच्या चौकापर्यंत जाऊन परत आली.

"आता?" आईने विचारलं.

"चालते चांगली," बाबा म्हणाले. "पण इथे राहिली असती तर मी तिची काळजी..."

"इथे राहिली तर आपण दोघं तिला सरळ राहू देणार नाही," आई म्हणाली. "नेऊ दे तिला."

बाबांनी सवयीने किल्लीसाठी हात पुढे केला. थोरलीने किल्ली आपल्या खिशात घातली. बाबांनी रिकाम्या हाताकडे पाहिलं आणि मग त्याच हाताने मान खाजवली.