बाळ येईपर्यंत विकायची नाही

मी एक चिंबोरी बोलतेय. नांग्या बांधलेल्या आहेत, तोंड तेवढं मोकळं आहे.

चिलाचाप बंदराजवळच्या खाडीत, खारफुटीच्या चिखलात मी वाढले. जन्म मात्र तिथला नाही. आम्ही जन्मतो उघड्या समुद्रात आणि जरा मोठ्या झालो की खाडीत येतो. पोटात अंडी भरली की परत समुद्राकडे निघायचं, ही आमच्या बायकांची रीत. मीही निघाले होते. वाटेत माशाच्या मुंडक्याचा वास आला, खादाडपणा नडला आणि बांबूच्या सापळ्यात शिरले.

तेव्हापासून समुद्रकाठच्या रस्त्यावर, रोह्यातीबाईंच्या खानावळीत, दाराजवळच्या काचेच्या टाकीत माझा मुक्काम आहे. गिऱ्हाईक आलं की आधी टाकीपुढे फोटो काढतं, मग आमच्यातली एक निवडतं. इथं बोट दाखवणं उद्धटपणाचं समजतात, म्हणून अंगठ्यानं दाखवतात. आमचं मरण असं अदबीनं येतं. जेवायला बसल्यावर मात्र अदब गुंडाळून ठेवतात आणि लाल तिखट रस्सा कोपरापर्यंत ओघळतो. वर आम्हालाच नावं ठेवतात, की खेकडे एकमेकांचे पाय ओढतात. अहो, बांधून टाकल्यावर काय कपाळ ओढणार!

आम्हाला मारायचं काम आचारी तार्नोचं. एका घावात काम तमाम. पण त्याची बायको वेनिंग हिला दिवस गेले आणि त्यानं सुरा खाली ठेवला. बायको पोटुशी असताना नवऱ्यानं जीव मारायचा नाही, नाहीतर बाळात व्यंग येतं, असं इथं मानतात. मग मालकीणबाईच सुरा घेऊन उभ्या राहू लागल्या.

"दिवस गेले तुझ्या बायकोला, आणि हात भरून आले माझे!" त्या रोज करवादायच्या.

वेनिंग दुपारी कांदे सोलायला यायची. एकदा सोलता सोलता थांबली, टाकीकडे बघत राहिली आणि अंगठ्यानं थेट मला दाखवलं.

"अहो, मला ती खायचीय. लाल रश्शातली."

तार्नोचा चेहरा उतरला. "दुसरं काही माग ना गं. कोळंबी देतो, मासा भाजून देतो."

"डोहाळे काय तुझ्या सोयीनं लागतात?" मालकीणबाई हसल्या. "पुरव बाबा, नाहीतर पोर जन्मभर लाळ गाळत बसेल."

"आणि मारली तर पोराची बोटं जुळून येतील, त्याचं काय?"

"तू मार म्हटलंय कोणी? सरक तिकडे."

त्यांनी मला उचललं, उलटं केलं आणि पोटाच्या कडेला अंगठा दाबला. आतला केशरी रंग दिसला. "बाई गं, गच्च भरलेली आहे! नशीबवान आहेस, वेनिंग."

'भरलेली' ऐकलं आणि वेनिंगचा हात आपल्याच पोटावर गेला. "नको, नको! देवा, माझ्या बाळाला सांभाळ. ही नको. तो बाजूचा नर घ्या."

मला टाकीत सोडून त्यांनी बाजूचा नेला. वेनिंगनं दोनदा भात मागून घेऊन त्याला चाटूनपुसून खाल्लं. मी काचेतून बघत होते. मला लाज वाटली आणि हायसंही वाटलं.

"हिला सोडून देऊ या का?" तार्नोनं विचारलं. मी काचेला येऊन चिकटले.

"खुळा आहेस का?" मालकीणबाई म्हणाल्या. "उद्या दुसऱ्या कोणी पकडली आणि कढईत टाकली तर? तो दोष कोणाला लागेल? तुझ्याच पोराला! त्यापेक्षा इथं डोळ्यांसमोर बरी. बाळ येईपर्यंत विकायची नाही."

वेनिंगनं आनंदानं मान हलवली. त्यांनी मला वर काढून पायाला लाल दोरा बांधला आणि मला पुन्हा पाण्यात सोडलं. तेव्हापासून टाकीतल्या किती आल्या, किती गेल्या. मी आपली आहे तिथेच.

माझे लाड फार होतात. वेनिंग रोज कोळंबीचा तुकडा घालते, काचेला गाल लावून विचारते, "काय गं, बरी आहेस ना?" तिला कसं सांगू? मला अंडी घालायला समुद्राचं पाणी हवं, खाली वाळू हवी. वाळूत रुतून बसलं तरच अंडी पोटाला चिकटून राहतात. या गुळगुळीत तळावर ती नुसती सांडतील, आणि संध्याकाळी पाणी बदलताना नळीतून गटारात जातील. आता माझे दिवस भरत आलेत. पोट ताठ झालंय, आणि मी कोपऱ्यात काच खरवडत बसते. बघणारे म्हणतात, "बघा, कशी खेळतेय!"

काल वेनिंगच्या सातव्या महिन्याचा सोहळा झाला. बायकांनी तिला फुलांच्या पाण्यानं न्हाऊ घातलं. आज तार्नो दारात मोटारसायकलला तिची पिशवी बांधतोय आणि ती माझा निरोप घ्यायला आलीय. डोळे भरलेत तिचे.

"येते हं. आईकडे चाललेय बाळंतपणाला. पहिलटकरणीनं माहेरीच जावं, नाही का? तू मात्र इथून हलू नकोस."

पोरी, माझंही पहिलंच आहे गं. आणि माझं माहेर रस्त्याच्या पलीकडे आहे. जाता जाता मला तेवढं पोचव.