वुर्यानीची भुतं

जावा बेटावरच्या मागेलांगच्या बाजारामागे यात्मीकाकूची, सगळ्यांच्या बू यात्मीची, बाक्सोची गाडी होती. शनिवारी दुपारची गर्दी ओसरली की तिथल्या बाकावर तिघंजण हमखास सापडायचे. समोर बाक्सो, म्हणजे मांसाच्या गोळ्यांचं वाफाळतं सूप, आणि तोंडी सिनेमा.

कुस्मी दवाखान्यात नर्स होती. आठवडाभर लोकांचं रडणं ऐकूनही तिला सिनेमा रडकाच लागे. तेजोचं झेरॉक्सचं दुकान होतं. पहिल्या दहा मिनिटांत कुणी कुणाच्या कानाखाली वाजवली नाही, तर तो सरळ घोरायला लागे.

"कुस्मी, थेटरात रुमाल कसला नेतेस? पंचा ने," तो म्हणायचा.

"आणि तू उशी ने. मागच्या वेळी माझ्या खांद्यावर लाळ गाळलीस."

तिसरी वुर्यानी. ती बायकांचे कबाया शिवायची आणि भुताचा सिनेमा लागला की मशीन झाकून पहिल्याच दिवशी पहिला खेळ गाठायची. तेजो तिला वयानं मोठी म्हणून म्बाक म्हणे, पण मान काय तो तेवढ्या शब्दापुरताच. शनिवारी ती भूत सांगायला लागली की मात्र त्याचीही बोलती बंद व्हायची. बू यात्मी तर झारा हवेत धरून उभी राहायची. तिनं जन्मात थेटराची पायरी चढली नव्हती. सगळे सिनेमे तिनं वुर्यानीच्या तोंडूनच पाहिलेले.

यात गोम अशी, की वुर्यानीनं आजवर एकही भूत पाहिलं नव्हतं. पडद्यावर अंधार झाला, संगीत खोल गेलं, की ती ओढणी तोंडावर ओढून डोळे गच्च मिटायची. आजूबाजूचे लोक सुस्कारा टाकेपर्यंत उघडायची नाही. कुठं दार करकरलं, कुठं पाणी ठिबकलं, त्यावरून तिच्या डोक्यात जे उभं राही, तेच ती शनिवारी सांगे. यात आपण खोटं बोलतोय असं तिच्या कधी मनातही आलं नाही. तिकीट काढलंय, घाम फुटलाय; आणखी काय करायचं असतं?

एका शनिवारी तेजो आला तो हाताची घडी घालूनच बसला.

"म्बाक, त्या विहिरीतल्या भुताच्या कफनाची गाठ सुटते आणि आतून केस बाहेर येतात, दोरखंडासारखे, वळवळत, असं तू सांगितलंस ना?"

"सांगितलं. मग?"

"मी काल गेलो होतो. खास ते केस बघायला. डोळ्यांत तेल घालून बसलो. एक केस दिसेल तर शपथ! कफनात पाय बांधलेलं भूत आपलं उड्या मारत येतं आणि उड्या मारत जातं."

वुर्यानी सूप ढवळायला लागली. "तू झोपला असशील."

"भुताच्या सिनेमात?"

"मग कापलं असेल त्यांनी ते. भीतिदायक होतं ना फार."

"कुणी कापलं? फक्त माझ्या खेळाला?"

कुस्मीनं चमचा खाली ठेवला. "भांडता कशाला? उद्या तिघंही जाऊ. दूध का दूध, पाणी का पाणी."

वुर्यानीनं उद्या तीन कबाया द्यायचे आहेत म्हणून पाहिलं, डोकं दुखतंय म्हणून पाहिलं. काही चाललं नाही. रविवारी दुपारी तिला दोघांनी मधे बसवली. अर्धा सिनेमा ती बरी होती. मग पडद्यावरच्या पोरीनं विहिरीवरचं झाकण सरकवलं आणि वुर्यानीचा हात आपोआप ओढणीकडे गेला.

"तेजो!" कुस्मी ओढणीआड डोकावून कुजबुजली. "अरे, हिचे डोळे बघ! मिटलेत!"

तेजो वाकून बघत राहिला. त्याचा चेहरा पडद्यावरच्या भुतापेक्षा भेसूर झाला. "म्हणजे इतकी वर्षं... म्बाक, अगं मी गिऱ्हाइकांना सांगतो गं तुझी भुतं! पैजा लावल्यात मी!"

"हळू बोल," वुर्यानी ओढणीआडून म्हणाली. "आवाज ऐकला की मला सगळं नीट दिसतं. डोळे उघडले की भीती वाटते."

"अगं, भीतीसाठीच असतो तो! उघड. आत्ताच्या आत्ता उघड."

मागच्या रांगेतून कुणीतरी "श्शू" केलं. दोघांनी दोन बाजूंनी तिचे हात धरले. वुर्यानीनं देवाचं नाव घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा भुताकडे बघितलं.

ते अगदी जवळ आलं होतं. पडदाभर पांढरं कफन, वर काळाठिक्कर चेहरा. वुर्यानी बघत राहिली. चेहऱ्याकडे नाही, काठाकडे.

"अगं बाई," ती मोठ्यांदा म्हणाली, "याच्या कफनाला इंटरलॉक मारलंय!"

"काय मारलंय?"

"मशीनची टीप, काठाला! कफनाला कुणी सुई लावतं का? आणि दोरा तरी पांढरा घ्यायचा. पिवळा घेतलाय मेल्यांनी!"

मग डावीकडून एक बाई फिस्सकन हसली. पुढचे हसले, मागचे हसले, कुस्मीच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानंतर भूत जेव्हा जेव्हा आलं, तेव्हा कुणीतरी ओरडे, "टीप! टीप!" मागचा एक तरुण तेवढा चिडला होता. त्याच्या शेजारची मुलगी घाबरून त्याला बिलगणार म्हणून तो तिला घेऊन आला होता, आणि ती तर पोट धरून हसत होती.

बाहेर आल्यावर तेजो खूष, कुस्मी खूष. वुर्यानी मात्र घरापर्यंत ओढणीचा काठ चाचपत राहिली.

पुढच्या गुरुवारी नवा सिनेमा लागला. ती गेली. संगीत खोल गेलं, तिनं डोळे मिटले, पण आत काही उभंच राहीना. राहिला तो नुसता पिवळा दोरा. मध्यंतरातच उठून ती घरी आली.

शनिवारी बू यात्मीनं तिच्यापुढे वाडगा ठेवला आणि कमरेच्या फडक्याला हात पुसत विचारलं, "हं, या वेळी कोण आलं होतं?"

"कुणी नाही, बू. संपली माझी भुतं."

"म्हणजे?"

तेजोनं सगळी हकीकत रंगवून सांगितली. बू यात्मी हसली नाही.

"मिटून बघितलंस काय, उघडून बघितलंस काय, मला काय त्याचं?" ती म्हणाली. "मी सात दिवस कांदा चिरते ते या एका दुपारसाठी. आता हे दोघं मला सांगणार? हिच्या सिनेमात सगळे मरतात नि याच्यात सगळे मारतात. तू सांग."

"पण काय सांगू?"

"मला काय ठाऊक! माझ्या मागं ती पाण्याची टाकी आहे ना, तिच्यात कोण आहे ते सांग."

वुर्यानीनं टाकीकडे पाहिलं. टाकीचं झाकण जरा तिरकं बसलं होतं. ती बराच वेळ बघत राहिली, उघड्या डोळ्यांनी.

"बाई आहे," ती हळूच म्हणाली. "पण भिजलेली नाही. पाण्यात आहे आणि कोरडी ठणठणीत. तिला तहान लागलीय."

कुस्मीनं तेजोचं मनगट पकडलं. बू यात्मीनं न बघताच स्टोव्ह बारीक केला.

"कुठल्या सिनेमातली ही?" तेजोनं घोगऱ्या आवाजात विचारलं.

"कुठल्याच नाही."

"मग बरं. खरंखोटं करायला जायला नको." त्यानं बाक पुढे ओढला. "तहान लागली, मग?"

"मग ती झाकणावर बोट वाजवते," वुर्यानी म्हणाली.

बू यात्मीला सुपात पाणी घालायचं होतं. पण टाकीपाशी जायला कुणीच उठेना.