देवीच्या लेखातलं कुठलंतरी राज्य

आगाशीच्या त्या लग्नाच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. विरारच्या टॉवरांतून रिक्षा भरभरून माणसं आली होती, वाडीवरच्या बाया अंबाड्यात चाफा माळून आल्या होत्या, आणि चिंचोटीहून तर अख्खा टेम्पो आला होता. जगदंबा म्हणे आता कागदावर लिहू लागली होती. युगानुयुगं गप्प बसलेल्या देवीला अचानक लिहावंसं वाटलं, आणि तेही एसी हॉल बघून, याचं कोणालाच नवल वाटत नव्हतं.

रीमाला वाटत होतं. पण ती नवल करायला आलेली नव्हती, आईला आवरायला आली होती.

मंचावर लेखानंद महाराज डोळे मिटून बोलत होते. डोळे मिटलेले असले तरी माइक तोंडापासून तसूभर हलत नव्हता.

"भक्तहो, तुम्ही जन्मलात त्या क्षणी आईने तुमचा लेख लिहून ठेवला! भल्याभल्या पंडितांनी त्यापुढे हात टेकले. तुम्हाला दिसतं ते अक्षरांचं जंगल. पण सुरुवात बघा! प्रत्येकाची सुरुवात बघा! एम, आय, आय! एम म्हणजे माता, आणि दोन आय म्हणजे तिच्या दोन बाजूंच्या दोन समया!"

लोकांनी टोकनाबरोबर दारात मिळालेले आपापले कागद उलगडले. खरंच की! पानभर इंग्रजी अक्षरांचा आणि आकड्यांचा नुसता काला, पण सुरुवात सगळ्यांची तीच. हॉलभर "आई गं!" झालं.

मग पट्टशिष्य चिराग एकेक टोकन पुकारू लागला. भक्ताचा लेख तो 'देवयंत्रा'त घाली. देवयंत्र म्हणजे लॅपटॉपच, फक्त त्याला झेंडूचा हार होता. क्षणभरात मोठ्या पडद्यावर एक ओळ उमटे: भक्ताचं नाव, गाव आणि देवीची आज्ञा.

"टोकन सदतीस!"

रीमाची आई बायजा उठली. नऊ वर्षांच्या नातीचा, दिपिकाचा हात तिने घट्ट धरला होता. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत आलं: दिपिका, आगाशी, गोळ्या बंद.

बायजाने कागद कपाळाला लावला. "बघलंस गो रीमा? माझे नातीचं नाव! मी तोंडातनं शब्द काडला नाय, तरी देवीला ठाव!"

दिपिकाला फीट यायची. डॉ. व्हिन्सेंटनी गोळ्या सुरू केल्यापासून आठ महिन्यांत एकदाच आली होती, आणि तीही दोन दिवस गोळ्या चुकल्या तेव्हा. पोर विहिरीच्या काठाशी कोसळली होती. शेजारच्या बाईने वेळेवर फ्रॉक धरला म्हणून वाचली. आणि आता महाराज फर्मावत होते की येत्या रविवारी सगळ्यांनी आपली औषधं इथल्या परातीत आणून टाकायची, ती खाडीला अर्पण होतील.

घरी आल्यावर रीमाने भाऊ भूपेशला धारेवर धरलं. "तू बाप आहेस ना तिचा? गोळ्या पाण्यात टाकणार?"

"मला पण पटत नाही गं," भूपेश म्हणाला. "पण नाव कसं आलं, ते सांग ना! त्या कचऱ्यातून नाव आलंच कसं?"

रीमाने कागद हातात घेतला आणि तिला हसूच फुटलं. एम, आय, आय! अंधेरीच्या ऑफिसात आठ वर्षं ती हेच बघत होती. वेबसाइटला ओळखपत्र म्हणून जे सर्टिफिकेट लावतात, ते सांभाळायचं, मुदत संपण्याआधी बदलायचं, हीच तिची नोकरी. असं सर्टिफिकेट अक्षरांत उतरवलं की बहुधा याच तीन अक्षरांनी सुरू होतं. त्यांचा अर्थ एवढाच, की इथून डबा सुरू होतो आणि तो इतका मोठा आहे. त्या डब्यात आणखी डबे, आणि त्या डब्यांत नाव, गाव, तारीख. महाराजांनी फक्त वरची आणि खालची ओळ कापली होती. कापणारच! तिथे 'सर्टिफिकेट सुरू' आणि 'सर्टिफिकेट समाप्त' असं ढळढळीत लिहिलेलं असतं.

रोजच्या दर्शनासाठी चिरागने तोच लेख व्हॉट्सअ‍ॅपवर धाडला होता. रीमाने तो लॅपटॉपवर घेतला, कापलेल्या दोन ओळी परत जोडल्या आणि काळ्या खिडकीत एक आज्ञा टाइप केली. सर्टिफिकेटमधला डबा न् डबा उघडून दाखवणारी ही आज्ञा फुकट मिळते, तिला नारळसुद्धा लागत नाही. पडद्यावर ओळी धावल्या. भूपेश वाचता वाचता खुर्चीतून उठला.

"आये, इकडे ये! बघ यात काय काय आहे!"

"तुमच्या डबड्याला देवीचं काय कलतंय?" बायजा आतूनच फणकारली. "रयवारी गोल्या जानार म्हंजे जानार."

रविवार उजाडला. हॉलमध्ये पितळेची भली मोठी परात, आणि तिच्यात बीपीच्या, साखरेच्या, टीबीच्या गोळ्यांचा ढीग. बायजा दिपिकाला घेऊन आली होती; तिची पाकिटं तिने त्यावर ठेवली. तेवढ्यात रीमा मंचावर चढली.

"महाराज, चमत्कार झाला! आज पहाटे माझ्या फोनवर देवीचा लेख आला!"

महाराजांनी चक्क दोन्ही डोळे उघडले. फोनमध्ये पाहिलं. एम, आय, आय! मग काय, माइक पुरेना. "अस्सल! भक्तहो, अस्सल लेख! आईने थेट लेकीला पाठवला! चिराग, घाल यंत्रात!"

चिरागने घातला. पडद्यावर आलं: लेखानंद, आगाशी, गोळ्या परत द्या.

सगळ्या माना पडद्यावरून महाराजांकडे वळल्या.

"खोटा! हा लेख खोटा आहे!" महाराज किंचाळले.

"आत्ताच तर अस्सल म्हणालात," रीमा म्हणाली. "खोटाच आहे. चहा उकळेपर्यंत मी तो घरी बनवला. तुमचा चिराग बनवतो, तसाच."

भूपेशने पडद्याची वायर काढून रीमाच्या लॅपटॉपला लावली. दिपिकाचा लेख पुन्हा उघडला, या वेळी नुसती एक ओळ नाही, अथपासून इतिपर्यंत.

"ही तारीख बघा. लेख जन्माच्या क्षणी लिहिला ना? यात गेल्या महिन्यातला गुरुवार आहे, आपली दुपारची बारा बेचाळीसची वेळ."

भूपेशने फोन उंच धरला. "आणि त्याच गुरुवारी बारा पस्तीसला मी टोकनसाठी फोन केला होता! नाव, गाव, आजार, औषध, सगळं या चिरागने विचारून घेतलं. मीच सांगितलं आणि मीच विसरलो!"

"आता ही जागा," रीमाने बोट ठेवलं. "हे बनवताना कॉम्प्युटर प्रश्न विचारतो: देश कोणता? राज्य कोणतं? उत्तर न देता नुसतं बटण दाबलं, तर तो आपल्या मनाने काहीतरी भरतो. चिरागभाऊंनी कंटाळा केला. म्हणून देश लिहिलाय ऑस्ट्रेलिया. आणि राज्य लिहिलंय 'सम स्टेट'. म्हणजे कुठलंतरी राज्य!"

"अरे, म्हणजे देवी ऑस्ट्रेलियाची?" मागून मंडपवाला प्लासिड ओरडला, आणि हॉल खदखदला. लोक आपापले लेख घेऊन पुढे घुसले. माझा बघा, माझा बघा! चिंचोटीच्या टेम्पोतले सगळेच्या सगळे ऑस्ट्रेलियाचे निघाले. या गडबडीत महाराज मागच्या दाराने गाडीत बसले. चिरागला मात्र प्लासिडने पोलीस येईस्तोवर खुर्चीवर बसवून ठेवलं.

रीमा माइकवर एवढंच म्हणाली, "देवीला नमस्कार करा, मीही करते. पण जे आपल्याला वाचता येत नाही, ते देवाचंच असं समजू नका. वाचता येणारा माणूस शोधा. आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू नका."

तरी दोघं-तिघं तो कागद कपाळाला लावूनच बाहेर पडली. असतात अशीही माणसं.

बायजा परातीपाशी उभी होती. सगळ्यांदेखत तिने ढिगातून दिपिकाची पाकिटं हुडकली आणि पदराने पुसली.

"जिला आमची आगाशी कंच्या राज्यात हाय त्ये ठाव नाय," ती म्हणाली, "ती माझे पोरीला इहिरीत ढकलाया निगाली हुती. आन् मीच पोरीचा हात धरून तिला हितं आनली."

मग तिने एक पाकीट रीमापुढे धरलं. "यावर काय लिवलंय, सगला वाच."

रीमाने वाचलं. औषधाचं नाव, कंपनीचा पत्ता, बनवल्याची तारीख, मुदत कधी संपते ती तारीख.

बायजाने मान डोलावली, एक गोळी काढली आणि नातीला म्हणाली, "आ कर गो. पानी आनतंय मी."