काकासाहेबांचा पोलादी पंखा

कुंभार पिंपळगावाच्या खाली, आमच्या नदीच्या काठाला, कुणालाबी विचारा की होडीच्या मोटारीला पाण्यात फिरणारा पंखा कोणता बसवावा. ज्यानं जन्मात होडी हाकली न्हाई त्याला सगळ्यात जास्ती कळतं. त्यातले सगळ्यात मोठे म्हणजे काकासाहेब. जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात तीस वर्षं फोरमन होते. आता रिटायर होऊन गावात आलेत, अन् आमच्या नशिबाला लागलेत.

आमची होडी दहा माणसांची. मागं लटकती मोटार माझ्या लग्नाच्या आधीची, पंधरा हॉर्सपॉवरची. आमचे मालक, कडूबा, तिला लेकरावानी जपतात. बंधाऱ्याचं पाणी ओलांडून माणसं पलीकडं न्यायची, हाच आमचा धंदा. आमची रूपाली बारावीला, तिचं कॉलेज पलीकडच्या काठाला अन् परीक्षेचं सेंटरबी तिथंच. पुलावरून गेलं तर चाळीस किलोमीटरचा फेरा. होडीनं वीस मिनिटं.

जानेवारीत पंख्याचं एक पातं तुटलं. रूपालीनं तो पंखा वाळूनं घासला अन् त्याच्यावर कोरलेला आकडा वाचला, सव्वानऊ बाय दहा.

"मम्मी, पहिला आकडा रुंदीचा," ती म्हणली. "दुसरा म्हणजे एका फेऱ्यात पंखा पाण्यात किती इंच पुढं सरकतो त्याचा. आपली मोटार जुनी, दम कमी झालाय तिचा. हेच माप घ्यायचं, न्हाईतर एक इंच कमी. जास्ती बिलकुल न्हाई."

तिनं मुंबईच्या दुकानात फोनबी लावला. ॲल्युमिनियमचा, मधी रबराचं बुश असलेला, आठ दिवसांत कुरियरनं येणार होता. पंखा दगडाला लागला तर ते रबर फिरतं, पातं मोडतं, पण आतले गेर वाचतात. एवढं सोपं हाय ते. मला चौथी शिकलेलीला कळलं.

पण काकासाहेब आल्ते ना चहाला!

"ॲल्युमिनियम?" ते हसले. "अरे कडूबा, आपण जालन्याची माणसं! अख्ख्या मुलखाला लोखंड पुरवतो अन् तू मुंबईहून पत्रा मागवून राह्यला? मी ओतून आणतो, पोलादी. दहा इंच सरकतो म्हणती ना पोरगी? मंग पंधरा करू. दीडपट पळंल. अन् मधलं रबर कशाला? रबर म्हणजे कमजोरी."

"काका, मोटार ओढणार न्हाई," रूपाली म्हणली. "चढाला टॉप गेर टाकल्यावानी होईल."

"हुशार हाय पोरगी," काकासाहेब मालकांना म्हणले. पोरीकडं बघितलंबी न्हाई.

मी मालकांच्या तोंडाकडं बघत होते. बोला की! आयुष्यभर नदी ओलांडली तुमी, त्यांनी ओलांडली का? पण आमच्या मालकांना मोठ्या माणसाची इतकी भीड, की त्यांनी होडीला बैल जुंपा म्हणलं तर हे जू शोधायला जातील.

"रूपे, मोठ्यांच्या मधी बोलू नको," मालक म्हणले. "ते फोन-बिन काही न्हाई. न्हाई म्हणलं ना एकदा."

पंखा यायला तीन आठवडे लागले. जल्दी करून देतो म्हणणाऱ्यांचे तीन आठवडे! तोवर वल्ही मारून मालकांचे खांदे सुजले. आला तो नेमका परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी. मी म्हणलं, सकाळी पोरीला फटफटीवर पुलावरून सोडा, पंखा मंग लावा. काकासाहेब म्हणले, "छ्या! पोरीच्या पेपराच्या मुहूर्तावरच चालू करू." झालं. मालकांनी मान हलवली.

सकाळी साडेनऊला निघायचं, साडेदहाला गेट बंद. काकासाहेब नारळ अन् हार घेऊन आले. मोटारीला हार! मंग नारळ. मंग फोटो, त्यात काकासाहेबांचा डोळा मिटला म्हणून परत फोटो. वल्ही होडीत ठेवली तर काकासाहेबांनी स्वतः काठावर काढून टाकली. असल्या पंख्याला वल्हं म्हणजे अपमान म्हणे. दहाला दहा मिनिटं कमी असताना आमी निघालो.

मोटार नुसती कण्हत होती. धूर भसाभसा, अन् होडी मारुतीच्या शेपटावानी मागं जड. रूपाली घड्याळ बघून राह्यली. काकासाहेब मात्र नाकपुड्या फुगवून बसलेले. "आवाज बघ, आवाज! ताकद हाय ती."

पाण्याच्या मधोमध, जिथं बुडालेल्या विहिरीचा कठडा हाय, तिथं खाड् झालं. उन्हाळ्याकडं पाणी उतरतं, पंखा कधीमधी घासतो तिथं. मोटार चालूच, फिरतीच, पण होडी जागची हलंना. आतल्या गेरांचा भुगा झाल्ता. पंख्याला ओरखडाबी न्हाई, ते काकासाहेबांनी लगेच वाकून बघितलं अन् सगळ्यांना सांगितलं. मला वाटलं ह्या माणसाला त्या पंख्यासकट खाली सोडावं.

मी अन् रूपालीनं बसायच्या फळ्या काढून त्यांनी पाणी मारलं, मालकांनी हातानं. एका मासेवाल्यानं बघितलं अन् दोर टाकून ओढलं. पळत पळत गेटाशी गेलो तर दहा पन्नास. शिपायाला हात जोडले. तो बिचारा म्हणला, "ताई, माझ्या हातात न्हाई." आत घंटा झाली.

रूपाली भिंतीला टेकून खाली बसली. हॉल तिकीट गुडघ्यावर. काकासाहेब धापा टाकत मागून आले, म्हणले, "जुलैत परत असती की परीक्षा. काय बिघडलं?"

अन् आमचे मालक कुठं गेले? समोरच्या टपरीवर! काकासाहेबांसाठी चहा घेऊन आले, दोन्ही हातांनी धरून. मला शरम वाटली, माझ्याच नवऱ्याची. मंग ते पोरीजवळ उकिडवे बसले.

"रूपे, बाई, चुकलं माझं," ते म्हणले. "पण एवढ्या मोठ्या माणसाला न्हाई कसं म्हणावं गं?"

रूपालीनं वर बघितलं. डोळे कोरडे होते तिचे.

"मला तर लगेच म्हणलात, पप्पा."

मालक उठलेच न्हाईत. पेपर सुटून पोरं बाहेर येईपर्यंत तसेच बसून होते.